रेषा आणि शेरा : स्थानिक स्वराज्यातील भौगोलिक माहिती प्रणालीची चिकित्सा

राज्यकारभाराला नकाशाची गरज नवी नाही. कर बसवावयाचा, रस्ता काढावयाचा, पाणी वाटावयाचे किंवा दोन भावांमधील हद्दीचा तंटा मिटवावयाचा, तर कोठे काय आहे हे कागदावर उतरवून घ्यावे लागतेच. गेल्या काही दशकांत या कागदाची जागा संगणकाने घेतली आणि त्याबरोबर नकाशाचे स्वरूपही पालटले. भौगोलिक माहिती प्रणाली या नावाची जी पद्धती आज ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत स्वीकारली जात आहे, तिच्यात नकाशा हे एकच एक चित्र राहत नाही. रस्ते, घरे, जलवाहिन्या, गटारे, शाळा, आरक्षणे यांचे वेगवेगळे स्तर एकावर एक बसविता येतात, आणि प्रत्येक स्तरावरील प्रत्येक आकृतीला माहितीच्या तक्त्यातील एक ओळ जोडलेली असते. घराची आकृती हा या नकाशाचा एक भाग. त्या घराचा क्रमांक, धारकाचे नाव, वापराचा प्रकार व कराची रक्कम हा दुसरा. या दोन भागांच्या जोडणीतच प्रणालीचे सारे सामर्थ्य आहे.

तिचा पुरस्कार करताना सामान्यतः तीन गुण सांगितले जातात : अचूकता, वेग आणि पारदर्शकता. हे गुण खोटे नाहीत. तथापि अचूकता म्हणजे नेमकी कशाची अचूकता, हा प्रश्न या पुरस्कारात क्वचितच विचारला जातो. आकृतीची रेषा यंत्र मोजते. तिच्यापुढील शब्द माणूस लिहितो. महसुली दप्तरात शेवटच्या रकान्याला ‘शेरा’ म्हणतात. तोच शब्द येथे थोड्या व्यापक अर्थाने घ्यावयाचा झाला, तर असे म्हणता येईल की भौगोलिक माहिती प्रणालीतील नकाशा हा रेषा आणि शेरा यांचा बनलेला असतो, आणि रेषेच्या अचूकतेमुळे शेऱ्यालाही खरेपणाची प्रतिष्ठा आपोआप मिळून जाते. ती त्याला मिळावी काय, आणि मिळावयाची तर कोणत्या अटीवर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१

मुंबई इलाख्यातील जमीन-मोजणीचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. पेशवाईच्या अस्तानंतर, १८३० च्या सुमारास, प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात केलेली मोजणी व आकारणी सूक्ष्मतेच्या बाबतीत कमी नव्हती. शेताचे क्षेत्र, जमिनीची प्रत, लागवडीचा खर्च आणि निव्वळ उत्पन्न यांचे तपशीलवार हिशेब मांडून सारा ठरविण्याचा तो प्रयत्न होता. हिशेब बारीक होता. परंतु ज्या आकड्यांवर तो उभारला होता ते हाताखालच्या नोकरांनी पुरविलेले होते, आणि त्यांची शहानिशा करण्याचे पुरेसे साधन नव्हते. आकारणी जड झाली, अनेकांनी जमिनी सोडून दिल्या, व अखेर ती पद्धतच टाकून द्यावी लागली. पुढे १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी हाती घेतली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम निश्चित झाले. गणित निर्दोष असूनही त्यात घातलेली नोंद सदोष असेल तर निष्पत्ती सदोषच निघते, हा धडा या प्रकरणात आहे, आणि संगणकाने तो जुना झालेला नाही.

दुसरा धडा गोल्डस्मिड-विंगेट यांच्या यशस्वी मोजणीतच सापडतो. तेहतीस फुटी साखळी, एका साखळीच्या लांबी-रुंदीचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर ही परिभाषा महाराष्ट्रातील शेतकरी आजही बोलतो, इतकी ती मोजणी खोल रुजली. तिने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला. पण गावठाणाला बहुतेक ठिकाणी एक बाह्यरेषा तेवढी दिली. घराच्या जागेवर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाणातील आतल्या हद्दी मोजण्याचे प्रयोजन नव्हते. मोठी गावे आणि शहरे यांची नगर-भूमापनाखाली नंतर मोजणी झाली. लहान गावांची गावठाणे मात्र नकाशावर कोरीच राहिली. नकाशात काय यावयाचे आणि काय गळावयाचे हे नकाशा काढविणाराची गरज ठरविते. आज राज्यातील अनेक नगरपालिकांनी या प्रणालीचा पहिला उपयोग मालमत्ता-कराच्या फेरआकारणीसाठी केला, हे याच परंपरेला धरून आहे. कर न बसलेली खोली नकाशात चटकन सापडते. पाणी न मिळालेली गल्ली सापडण्यासाठी तिचा स्वतंत्र स्तर कोणी तरी मागावा लागतो.

२

गावठाणाचे हे कोरेपण भरून काढण्याचा अलीकडचा उपक्रम म्हणून ड्रोनद्वारे होणाऱ्या मोजणीकडे पाहावे लागेल. २०१८ साली पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी अशा मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने देशभरासाठी ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली, आणि ११ ऑक्टोबर २०२० रोजी सहा राज्यांतील ७६३ गावांत पहिल्या मिळकत पत्रिका देण्यात आल्या. त्यांत महाराष्ट्रातील १०० गावे होती. उड्डाणाचे व नकाशाचे तांत्रिक काम भारतीय सर्वेक्षण विभागाकडे, आणि हक्काची चौकशी राज्याच्या भूमी अभिलेख खात्याकडे, अशी कामाची विभागणी आहे.

या मोजणीतील सर्वांत महत्त्वाची पायरी आकाशात घडत नाही. ड्रोन उडण्यापूर्वी गावात चुन्याने हद्दी आखल्या जातात. दोन घरांमधला बोळ कोणाचा, ओटा कोठपर्यंत, परसाची सीमा कोणती, हे शेजारी-शेजारी उभे राहून ठरवितात आणि त्या जागी पांढरी रेघ ओढली जाते. ड्रोन ती रेघ टिपतो. छायाचित्राची अचूकता काही सेंटिमीटरांपर्यंत पोहोचते, हे खरे. परंतु ती अचूकता चुन्याच्या रेघेची आहे, हक्काची नव्हे. रेघ संमतीने पडली असेल तर नकाशा खरा. एक पक्ष गैरहजर असताना किंवा दबलेला असताना पडली असेल, तर नकाशा तितक्याच अचूकपणे चुकीचा ठरतो. गावात नसलेला, मुंबईला गिरणीत किंवा गोदीत आयुष्य काढून पडक्या घराचा धनी राहिलेला भाऊ त्या दिवशी कोठे असतो, हा प्रश्न यंत्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

रेघेनंतर शेऱ्याचा प्रश्न येतो. धारकांची प्राथमिक यादी ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वरून घेतली जाते. हा नमुना कर-आकारणीची नोंदवही आहे. कर कोणाकडून वसूल करावयाचा एवढेच ती सांगते. केवळ तिच्यातील नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे. बहुतेक घरांत ही नोंद कर्त्या पुरुषाच्या नावावर असते. विधवा सून, माहेरी परतलेली बहीण, वडिलोपार्जित घराच्या एका खणात वेगळी चूल मांडलेला धाकटा भाऊ यांची नावे वहीत नसण्याचाच संभव अधिक. घराच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे लावण्याचे धोरण महाराष्ट्र शासनाने पूर्वीच स्वीकारलेले आहे. त्याची अंमलबजावणी कोठे किती झाली, हे वही उघडल्यावरच कळते. कराच्या सोयीसाठी लिहिलेले एक नाव मिळकत पत्रिकेच्या आधारस्थानी आले की त्याचे वजन पालटते. त्या पत्रिकेवर कर्ज काढता येते, घर विकता येते, आणि ज्याचे नाव तीत नाही त्याला आपला हिस्सा न्यायालयात जाऊन सिद्ध करीत बसावे लागते.

चौकशी अधिकाऱ्यापुढे हरकत घेण्याची तरतूद या पद्धतीत आहे, ही गोष्ट नाकारता येणार नाही. ती तरतूदच योजनेचा खरा आधार आहे. किंबहुना असे म्हणता येईल की चुन्याची रेघ आणि हरकतीची नोटीस या दोन जुन्या, स्वस्त आणि माणसांवर अवलंबून असलेल्या गोष्टींनीच ड्रोनच्या चित्राला कायद्याच्या दृष्टीने अर्थ दिला आहे.

३

गावठाणात जो प्रश्न नावाचा, तोच महानगरात वापराच्या प्रकाराचा होतो. बृहन्मुंबईच्या २०१४–३४ या कालखंडासाठी तयार झालेल्या विकास आराखड्याचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. मुंबईचा पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला, आणि दुसरा १९९१ ते १९९४ या काळात टप्प्याटप्प्याने. तिसऱ्याच्या वेळी प्रथमच सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटर क्षेत्राचा भूवापर संगणकीय नकाशावर स्तरशः मांडण्यात आला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २५ नुसार आराखड्यापूर्वी विद्यमान भूवापराचा नकाशा तयार करावा लागतो. नागरिकांच्या हरकती मागविण्याची तरतूद त्यानंतरच्या, प्रारूप आराखडा प्रसिद्ध करण्याच्या टप्प्यावर, म्हणजे कलम २६ मध्ये आहे. मुंबईत विद्यमान भूवापराचे नकाशे त्यापूर्वीच लोकांसमोर आले. नागरिकांच्या संघटना, वास्तुशास्त्राचे अभ्यासक आणि वस्त्यांतील रहिवासी यांनी ते प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहिले, आणि चुकांच्या याद्या निघू लागल्या.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर या चुकांचे स्वरूप अधिक स्पष्ट झाले. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले होते. वारसा-वास्तूंच्या नोंदी गळल्या होत्या. कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या सीमा नीट दाखविलेल्या नव्हत्या. हजारो हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा दुरुस्त करून नव्याने मांडण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मे २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

या प्रकरणाचा अर्थ लावताना तंत्रज्ञान फसले असा निष्कर्ष काढला जातो, किंवा काम करणारे निष्काळजी होते असे म्हटले जाते. दोन्ही निष्कर्ष अपुरे आहेत. रस्त्याची रेषा इमारतीवरून जाणे ही रेषेची चूक होय. ती दिसते, आणि दुरुस्तही होते. कोळीवाड्याची गोष्ट वेगळी आहे. दाट, लहान छपरांची, अरुंद वाटांची वस्ती वरून झोपडपट्टीसारखीच दिसते. तिच्या आकृतीपुढे ‘झोपडपट्टी’ असा शेरा पडला की पुनर्वसनाचे एक वेगळे विधान आणि वेगळे अर्थकारण तिला लागू होण्याची वाट मोकळी होते; ‘गावठाण’ असा पडला की पिढीजात वहिवाटीचा विचार करावा लागतो. रेषा दोन्ही वेळी तीच असते. तद्वतच समुद्रालगतची मोकळी जागा. पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना घेतलेल्या चित्रात ती रिकामी दिसते. पावसाळा सरल्यावर तेथेच बांबूच्या चौकटींवर बोंबील वाळत असतात. तिला ‘मोकळी जागा’ म्हणणे दृष्टीच्या दृष्टीने बिनचूक आहे, आणि उपजीविकेच्या दृष्टीने घातक. कोळणीचे अंगण आणि बिल्डरचा भूखंड यांत फरक करणारा शब्द उपग्रहाजवळ नाही. तो ज्यांच्यापाशी होता ते हरकत घेऊन पुढे आले तेव्हाच नकाशात येण्याची शक्यता निर्माण झाली.

मुंबईच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या चुका सापडल्या त्या नकाशा संगणकीय आणि खुला होता म्हणून. जुन्या आराखड्याची एकेक पत्रके कचेरीत जाऊन पाहावी लागत. सामान्य माणसाला ती वाचताही येत नसत. नव्या नकाशावर आपली गल्ली शोधता आली, म्हणून आपली गल्ली चुकली आहे हेही सांगता आले. ज्या साधनाने चूक मोठ्या प्रमाणावर घडविली, त्याच साधनाने ती उघडकीसही आणली.

४

हे साधन रहिवाशाच्या हाती पूर्णपणे गेले तर काय घडू शकते, याचे बोलके उदाहरण परदेशी आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यात झेन्सव्हिल शहरालगत कोल रन नावाची, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. जुन्या कोळशाच्या खाणींमुळे तेथील भूजल पिण्याजोगे नव्हते. सुमारे अर्धशतक ही वस्ती नळाच्या पाण्याविना राहिली. लोक पावसाचे पाणी साठवीत किंवा गाडीतून वाहून आणीत. आजूबाजूच्या गोऱ्या कुटुंबांकडे मात्र नळ पोहोचला होता. स्थानिक संस्थांचे म्हणणे असे की यात वंशभेदाचा संबंध नाही. रहिवाशांनी दावा लावला. त्यांच्या बाजूने तयार झालेल्या नकाशांत जलवाहिन्या, नळजोडण्या, घरे आणि रहिवाशांचा वंश हे स्तर एकावर एक ठेवलेले होते. नळ कोठे थांबतो आणि कोणाच्या दारापाशी थांबतो, हे त्यावरून दिसले. जुलै २००८ मध्ये ज्यूरीने ६७ वादींना मिळून सुमारे एक कोटी नऊ लाख डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला.

येथेही नकाशाने एकट्याने न्याय मिळविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वर्षानुवर्षे पाणी वाहणाऱ्या माणसांची साक्ष हा दाव्याचा प्राण होता; नकाशाने ती साक्ष एकेकट्याची तक्रार राहू दिली नाही, एवढे त्याचे कार्य. सोनोरी, मुंबई आणि कोल रन या तिन्ही ठिकाणांची परिस्थिती अगदी भिन्न आहे. तरीही तिन्ही ठिकाणी नकाशाचे मूल्य तो कोणाच्या साक्षीशी जोडला गेला यावर ठरलेले दिसते.

५

या भूमिकेवर काही आक्षेप संभवतात, आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. पहिला आक्षेप प्रशासनाचा. प्रत्येक रहिवासी आपल्या हिताचेच सांगणार. हजारो हरकती ऐकत बसल्यास आराखडा कधीच पुरा व्हावयाचा नाही. रहिवाशाची साक्ष निरपेक्ष नसते, हे मान्यच केले पाहिजे. ओटा वाढवून बोळ गिळणाराही रहिवासीच असतो. परंतु कर-वहीची नोंदही निरपेक्ष नसते. ती वसुलीच्या हेतूने लिहिलेली असते. दोन सापेक्ष विधाने समोरासमोर ठेवून तिसऱ्याने निवाडा करणे, यालाच चौकशी म्हणतात. वेळेचा मुद्दाही तपासून पाहावा. हरकती अखेरच्या टप्प्यावर ढिगाने आल्या म्हणून मुंबईचा आराखडा लांबला. त्या भूवापराच्या शेऱ्यापाशीच, वस्ती-वस्तीत जाऊन निकालात काढल्या असत्या, तर पुढील तीन वर्षांचा बराचसा भाग वाचला असता असे मानण्यास जागा आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. नकाशे खुले केल्याने दुर्बळांचे रक्षण होईल हे कशावरून? गैरानावरील घर, पडके घर, वारस नसलेली जागा कोठे आहे हे दलालालाही तितकेच सहज कळेल. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२१ साली केंद्र शासनाने नकाशानिर्मितीवरील पूर्वीचे अनेक निर्बंध उठविले, त्यामुळे भारतीय संस्थांना व व्यक्तींना असे नकाशे तयार करणे सोपे झाले. पण सोपे झाले ते प्रथम ज्यांच्यापाशी पैसा आणि तंत्रज्ञ आहेत त्यांना. म्हणून खुलेपणाचीही मर्यादा ठरविली पाहिजे. रस्ते, पाणी, आरक्षणे, सार्वजनिक जागा यांचे स्तर सर्वांना खुले असावेत. व्यक्तीच्या नावाचा, थकबाकीचा स्तर संबंधितांपुरता असावा.

या विवेचनावरून स्थानिक संस्थेचा नकाशा तपासण्याच्या काही कसोट्या निष्पन्न होतात. प्रत्येक शेऱ्याला लेखक, दिनांक आणि आधार असावयास हवा. ‘झोपडपट्टी’ हे कोणी, कधी, कशावरून लिहिले हे नकाशातच कळले पाहिजे. तक्त्यात ‘वादग्रस्त’ आणि ‘हंगामी’ हे शेरे लिहिण्याची सोय असली पाहिजे. कारण जेथे यंत्र निश्चित उत्तर मागते तेथे कारकून कोणते तरी एक उत्तर भरून मोकळा होतो. प्रारूप नकाशा केवळ संगणकावर न राहता मराठी नावांसह छापून चावडीवर, प्रभाग कार्यालयात लागला पाहिजे आणि ग्रामसभेत किंवा प्रभागात वाचला गेला पाहिजे. शेवटी, दुरुस्तीनंतर जुना शेरा पुसून न टाकता त्याची प्रत जपली पाहिजे. फेरफाराची नोंदवही जपणाऱ्या महसुली परंपरेला ही गोष्ट अपरिचित नाही. या कसोट्यांत महाग असे काही नाही. त्यांना यंत्रापेक्षा माणसांचा वेळ अधिक लागतो, आणि म्हणूनच निविदेच्या अटींत त्या बहुधा आढळत नाहीत.

भौगोलिक माहिती प्रणालीचा अभ्यास विद्यापीठांत आज मुख्यतः तंत्र म्हणून होतो. तिच्यातील शेऱ्यांचा अभ्यास हा भूगोल, राज्यशास्त्र आणि विधी या तिन्ही विषयांच्या सीमेवरचा असल्याने तो कोणाच्याच वाट्याला पुरेसा आलेला नाही. ड्रोनने मोजलेल्या एखाद्या तालुक्यातील गावे घ्यावीत, नमुना नंबर ८ ची यादी, चौकशीत आलेल्या हरकती आणि अखेर दिलेल्या मिळकत पत्रिका एकमेकींशी ताडून पाहाव्यात. किती नावे बदलली, किती बायकांची नावे आली, हरकत घेणारे कोण होते आणि किती जणांनी हरकत घेतलीच नाही, हे शोधावे. असे काम एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. चुन्याची रेघ पहिल्या पावसात धुऊन जाते, आणि ती ओढली गेली तेव्हा तेथे उभी असलेली माणसेही कायमची नसतात. तेव्हा हे काम त्यांच्या हयातीत झालेले बरे.